ऑपेरा हाऊस आणि फडाची राहुटी

गेल्या महिन्यांत आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील एका गांवीं, ज्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, एका नियोजित सभागृहाच्या नियमावलीचा विचार करण्यासाठीं आठ-दहा प्रतिष्ठित गृहस्थांची बैठक भरली होती. सभागृह अद्याप उभें राहिलेलें नाहीं. पायाचे खड्डे तेवढे खणून झाले असून त्यांत पावसाचें पाणी साठलें आहे. परंतु आपल्याकडे इमारतीच्या आधीं नियमावली तयार होते, आणि नियमावलींत काय करावें यापेक्षां काय करूं नये याचाच विस्तार अधिक असतो. त्या रीतीस अनुसरून पहिलेंच कलम निषेधाचें होतें. ‘तमाशा, लावणी व तत्सम हीन अभिरुचीच्या कार्यक्रमांस सभागृह दिलें जाणार नाहीं.’ कलम वाचून होतांच एका वकीलमहाशयांनीं त्यास अनुमोदन दिलें व पुष्टीसाठीं म्हणाले, "मुंबईचें ऑपेरा हाऊस पाहा. नाट्यगृह असावें तर असें! तेथें असले प्रकार कधीं झाले असतील काय?" सर्वांच्या माना डोलल्या.

आम्हीहि त्या बैठकीस होतों. योगायोग असा कीं, त्यापूर्वीं तीनच आठवडे आम्ही तें ऑपेरा हाऊस पाहून आलों होतों. ‘होय, असले प्रकार तेथें झाले आहेत, किंबहुना तें घर असल्याच प्रकारांसाठीं बांधलें गेलें’ हें उत्तर आमच्या जिभेवर आलें होतें, परंतु आम्हीं तें गिळलें. चहा आला, बैठक संपली. तेथें जें बोललों नाहीं तें येथें लिहीत आहों. भ्याड मनुष्याचें शौर्य बहुधा शाईंतच प्रकट होतें, हें वाचक जाणतातच.

चर्नी रोड स्थानकावरून पायीं निघालें म्हणजे थोड्याच वेळांत ती इमारत समोर येते. सभोंवारच्या वस्तीस, बसच्या थांब्यास, दुकानांच्या पाट्यांस तिनें आपलें नांव दिलें आहे. इतकें कीं, ‘ऑपेरा हाऊस’ म्हणजे एक नाट्यगृह आहे हें ठाऊक नसलेलीं माणसें त्याच नांवाच्या थांब्यावर रोज चढतात आणि उतरतात. आम्ही गेलों त्या सायंकाळीं गायनाचा कार्यक्रम होता. तिकीट काढून आंत शिरलों आणि, खरें सांगावयाचें तर, चकित झालों. संगमरवर, सोनेरी वेलबुट्टी, डोक्यावर घुमट, दोहों बाजूंस नक्षीदार बॉक्स, आणि प्रवेशालयांत लोंबणारीं तीं अवजड झुंबरें! आमच्यासारख्या मराठवाड्यांतील मास्तरास तेथें बसतांना आपल्या चपलांची धूळ फार आठवते. आसनें सहाशेंच्या आंतबाहेर. म्हणजे घर फार मोठें नव्हे, पण गायकाचा बारीक स्वरहि शेवटच्या रांगेस स्पष्ट ऐकूं येतो. ज्यानें हें घर बांधविलें त्यास आवाजाचें मर्म कळत होतें एवढें निश्चित.

तेथील एका सौजन्यशील सेवकास आम्हीं या वास्तूचा इतिहास विचारला. त्यानें तो पाठ म्हटल्यासारखा सांगितला. १९११ सालीं पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते उद्घाटन झालें, तेव्हां बांधकाम पुरेंहि झालें नव्हतें. पुढें येथें बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांनीं आपलीं नाटकें केलीं. १९३५ पासून हें चित्रपटगृह झालें. १९५२ सालीं गोंडलच्या महाराजांनीं तें घेतलें. पुढें दारें बंद पडलीं, वीसहून अधिक वर्षें आंत धूळ आणि कबुतरें नांदलीं. आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालीं जीर्णोद्धार होऊन २०१६ च्या ऑक्टोबरांत पुन्हा पडदा वर गेला. २०१७ सालीं युनेस्कोनेंहि त्या कामाची वाखाणणी केली. सारें यथार्थ आहे. परंतु या पाठांत एक नांव आलें नाहीं. आम्ही त्याचीच वाट पाहत होतों. तें नांव मॉरिस बँडमन.

हा बँडमन कोण? जहांगीर फ्रामजी कराका या पारशी गृहस्थाबरोबर ज्यानें हें घर उभें केलें तो हा मनुष्य. धंद्यानें नाटकवाला, नुसता नाटकवाला नव्हे, तर नाटकमंडळ्यांचा आडत्या. जिब्राल्टरपासून जपानपर्यंत, वाटेंत माल्टा, कैरो, मुंबई, कलकत्ता, रंगून, सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय अशा बंदरोबंदरीं तो आपल्या मंडळ्या फिरवीत असे. एक मंडळी गांव सोडी तोंच दुसरी आगबोटींतून उतरे. त्या मंडळ्या काय करीत? नांव ‘ऑपेरा कंपनी’ असलें तरी गल्ला भरे तो लंडनच्या ताज्या संगीत-प्रहसनांवर: हलकें कथानक, गोड चाली, थट्टामस्करी, आणि ओळीनें उभ्या राहून झगे उडवीत नाचणाऱ्या मुली. त्याच्या जोडीस जादूगार, नकलाकार, कसरतपटू, मूकनाट्यें. मधूनमधून शेक्सपिअरहि होई. पण शेक्सपिअरची तूट भरून काढण्याचें काम त्या नाचणाऱ्या मुलींकडे असे. अमेरिकेंत या जातीच्या करमणुकीस ‘व्होडव्हिल’ म्हणत, इंग्लंडांत ‘म्युझिक हॉल’ किंवा ‘व्हरायटी’. आमच्याकडे तिला कोणता शब्द आहे तो वाचकांनीं मनांत म्हणून पाहावा. वकीलमहाशयांच्या नियमावलींत तो पहिल्याच कलमांत आला आहे.

ही तुलना आम्ही उगाच ओढूनताणून करीत नाहीं. एकच सलग कथा नाहीं, एकामागून एक तुकडे; गाणें, नाच, दोघांचा खटकेबाज संवाद, आणि शेवटीं एखादें छोटें नाटक, असा त्या खेळांचा घाट. आतां तमाशाचा घाट पाहा. आधीं गण, मग गौळण, मग बतावणी, मग रंगबाजी, आणि अखेर वग. बतावणींत सोंगाड्या आणि सरदार परस्परांस शब्दांच्या फेकाफेकींत अडकवितात. तेंच म्युझिक हॉलच्या फळीवर दोन विदूषक करीत. गौळणींत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची मावशी म्हणून मिशा काढलेला पुरुष पदर सांवरीत येतो. इंग्रजांच्या नाताळांतील ‘पँटोमाइम’ खेळांत म्हाताऱ्या बाईचें सोंग पुरुषच घेतो, आणि तें पाहावयास कुलीन घराण्यांतील मुलेंबाळें आजहि जातात. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हें शिकवितों. परीक्षेंत प्रश्न आला तर ते तें लिहितातहि. पण तेथें ‘परंपरा’ आणि येथें ‘हीन अभिरुचि’ हा भेद कोणत्या गजानें मोजला, हें विचारणारा विद्यार्थी आम्हांस गेल्या तीस वर्षांत भेटला नाहीं. आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांकडे नाहीं.

आम्हीं आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविलें आहे. टी. एस. एलियट हा कवि किती दुर्बोध, किती विदग्ध, याचीं प्रवचनें आम्हीं शेंकड्यांनीं झोडलीं. त्याची ‘द वेस्ट लँड’ ही कविता १९२२ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच सालीं लंडनमध्यें मारी लॉइड ही म्युझिक हॉलची गायिका वारली. तिचीं गाणीं इतकीं द्व्यर्थी असत कीं, सोवळ्या मंडळींनीं तिच्याविरुद्ध कल्लोळ केला होता. त्या बाईच्या मृत्यूवर या दुर्बोध कवीनें लेख लिहिला! त्याचा आशय असा कीं, सामान्य श्रमिकांचें जीवन हिच्या कलेंत बोलत होतें. प्रेक्षक तिच्या गाण्याच्या ध्रुवपदांत आपला स्वर मिळवीत तेव्हां ते तिच्या कलेंत भागीदार होत. आणि ही भागीदारी चित्रपटासमोर मुकाट बसणाऱ्या माणसास कधीं लाभावयाची नाहीं. कवितेवर आम्हीं टिपणें उतरवून दिलीं. या लेखाचा उल्लेख मात्र वर्गांत कधीं केला नाहीं. कां केला नाहीं? कारण मग एखाद्या मुलानें विचारलें असतें, "सर, पठ्ठे बापूरावांवर असा लेख कोणीं लिहिला?"

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, जन्म १८६६. जोशी-कुलकर्ण्याचें वतन सोडून हा ब्राह्मणाचा मुलगा फडांत शिरला, जातीबाहेर पडला, महार समाजांतील पवळाबाईच्या साथीनें त्यानें महाराष्ट्र नादावून सोडला. मुंबईच्या गिरणगांवांत त्याच्या नांवावर माणसें लोटत. १९४५ सालीं पुण्यास तो वारला तेव्हां जवळ कांहीं उरलें नव्हतें. आमच्या नाट्यवाङ्मयाच्या पाठ्यपुस्तकांत विष्णुदास भावे, अण्णासाहेब किर्लोस्कर, देवल, खाडिलकर अशी राजरस्त्याची यादी असते. तमाशास ‘लोककला’ या नांवाचा एक निराळा कोनाडा दिलेला असतो. तेथें तो संग्रहालयांतल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यासारखा बसतो. सबळ आणि निर्बळ अशा दोन रंगभूमि मुळांत नव्हत्या. एकीस छप्पर मिळालें, दुसरीस मिळालें नाहीं, इतकाच फरक. छप्पर कोणीं दिलें आणि कोणास नाकारलें, हा इतिहास मात्र लिहिण्यासारखा आहे.

त्या इतिहासांतील एक पान येथें उलटून दाखवितों. स्वातंत्र्य मिळाल्यावर, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत, मुंबई राज्यांत तमाशावर बंदी आली. परकीय सरकारनें जें केलें नव्हतें तें स्वकीयांनीं केलें, आणि तेंहि लोकांच्या नीतीची काळजी वाहून. हजारों पोटें उघडीं पडलीं, ओरड झाली. तेव्हां महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं तमाशाच्या सुधारणेसाठीं समिति नेमली गेली, आणि पुढें वगाच्या संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहिले. ज्या कलेचा प्राण ऐन वेळच्या बोलण्यांत, तिला आधीं कागद लिहून दाखव असें सांगण्यांत आलें! आमचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत येथील माणसांस जिवाची भ्रांत होती, तमाशाच्या नीतीची चिंता वाहण्यास कोणास सवड नव्हती. त्यामुळें ती बंदी आम्हांपर्यंत पोंचली नाहीं. ती आतां, पाऊणशें वर्षांनंतर, एका सभागृहाच्या नियमावलीच्या रूपानें पोंचत आहे. मराठवाड्यास सर्वच गोष्टी उशिरां मिळतात.

बंदी उठली, तरी शब्द विटाळला तो विटाळलाच. ‘तमाशा’ म्हणावयास जीभ कचरूं लागली, म्हणून ‘लोकनाट्य’ हा शब्द पुढें आला. अण्णाभाऊ साठ्यांसारख्या शाहिरानें त्या नांवाखालीं गिरणी कामगारांचीं दुःखें फळीवर आणलीं हें त्या शब्दाचें भाग्य; परंतु पांढरपेशा वर्गानें त्याचा उपयोग सोवळ्यासारखा केला. हा वर्ग तमाशा पाहत नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. १९५९ सालीं ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशाच्या फडावरील चित्रपट आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरांत तो १३१ आठवडे चालला. एकशें एकतीस आठवडे! अडीच वर्षें! हे प्रेक्षक काय सारे हमालपंचे होते? बुधवारांतल्या विजयानंदांत चित्रपटांतील नायिकेच्या अश्रूंनीं ज्यांचे रुमाल भिजले, त्यांच्यापैकीं किती जणांनीं त्याच शहरांतील आर्यभूषण थिएटराची पायरी चढून खऱ्या बारीवाल्या बाईचें गाणें ऐकलें? पडद्यावरची लावणी चालते, कारण पडद्यावरची बाई घाम पुसत नाहीं आणि खेळ संपल्यावर आपल्याकडे पाहत नाहीं. १९७२ च्या ‘पिंजरा’ चित्रपटांत फडाच्या नादानें एका आदर्श मास्तराचा सत्यानाश होतो. त्याचें मूळ ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटांत आणि त्याहि मागें हाइनरिश मान याच्या कादंबरींत आहे. मास्तरांनीं नाचणारीच्या वाटेस जाऊं नये हा उपदेश, यावरून, सार्वदेशिक दिसतो. आम्हीं तो मनोभावें पाळला. त्यानें आमचें चारित्र्य किती शाबूत राहिलें तें पुढें सांगूंच.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप अश्लीलतेचा. याचा आम्ही फार विचार करीत नाहीं. कांहीं तमाशे बीभत्स असतात. कांहीं गंभीर नाटकें तितकींच बीभत्स आणि शिवाय कंटाळवाणीं असतात. एखादा प्रयोग आक्षेपार्ह असेल तर त्या प्रयोगास हरकत घ्यावी. जातच्या जात दाराबाहेर उभी करणें ही न्यायाची रीत नव्हे. ‘जात’ हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी यांच्या घरांत जी कला वाढली तिच्यापुरतेंच हें कलम लिहिलें गेलें आहे. त्याच गाण्यावर आमच्या मुली स्नेहसंमेलनांत नाचतात तेव्हां आपण पुढच्या रांगेंत बसून टाळ्या वाजवितों.

दुसरा आक्षेप असा कीं, तमाशा आतां तमाशा राहिला नाहीं. निम्मा वेळ चित्रपटांतलीं गाणीं, झगमगाट आणि ध्वनिवर्धकांचा गोंगाट. हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हांसहि बोंचतो. तुणतुण्याच्या जागीं विजेवर चालणारा बाजा आला, वग तर कित्येक ठिकाणीं उजाडतां उजाडतां अर्ध्या तासांत उरकला जातो. पण कां? फडाचा मालक गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगांवीं सुपारी घेतो. त्याच्यामागें शेंदीडशें माणसांचें बिऱ्हाड, ट्रक, राहुटी, जनित्र आणि सावकाराचें व्याज असतें. उघड्या माळावर, पांच हजारांच्या गर्दींत, शेजारच्या आकाशपाळण्याच्या कर्ण्यांशीं स्पर्धा करीत त्यास खेळ करावयाचा असतो. तेथें बतावणींतील श्लेष कोणास ऐकूं जावा? ज्या कलेस नाजूक ऐकणें हवें तिला आपण चार भिंती नाकारतों आणि मग ती ओरडते म्हणून तिला रानटी म्हणतों. ऑपेरा हाऊसांत शेवटच्या रांगेंत बसून आमच्या मनांत हाच विचार आला कीं, या घुमटाखालीं एकदां ढोलकीची थाप आणि कड्याची साथ ऐकावयास हवी. हलगी नको, ती तेथें फार होईल.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे. आमच्या बैठकींत तो कोणीं काढला नाहीं. एका शिक्षिका भगिनीनें नंतर आम्हांस तो घरीं येऊन ऐकविला. "सर, तुम्ही कलेचें कौतुक करतां. त्या बायकांचें काय होतें तें तुम्हांस ठाऊक आहे काय?" हा प्रश्न टाळून जो तमाशाची बाजू घेतो तो लबाड होय. १९९४ सालीं किशोर शांताबाई काळे यांचें ‘कोल्हाट्याचं पोर’ प्रसिद्ध झालें. तें वाचल्यावर बारीच्या जीवनाविषयीं रम्य कल्पना कोणास बाळगतां येईल असें वाटत नाहीं. चिऱ्याच्या विधीनें मुलीचा केलेला सौदा, बहिणीच्या कमाईवर जगणारे भाऊ, बापाच्या नांवाची रिकामी जागा, हें सारें त्यांत आहे, आणि तें लिहिणारा त्याच घरांत वाढून डॉक्टर झालेला मुलगा होता. आम्ही त्या भगिनीस इतकेंच म्हणालों कीं, आपलें म्हणणें अक्षरशः खरें आहे. परंतु सभागृहाचें दार लावून यांतलें काय सुटतें? कलावंत बाईस धोका कोठें असतो? भर उजेडांत, क्रमांक घातलेल्या आसनांवर तिकीट काढून बसलेल्या स्त्रीपुरुषांसमोर, ठरलेल्या वेळीं पडदा पडणाऱ्या रंगमंचावर असतो, कीं रात्रीं दोन वाजतां, माळावर, फाटक्या कनातीआड, जेथें कपडे बदलण्यास आडोसा नाहीं आणि दारू प्यालेल्यास अडविण्यास कोणी नाहीं, तेथें? तिला आंतून कडी लागणारी खोली, स्वच्छ शौचकूप आणि मेहनतान्याची पावती या तीन गोष्टी मिळाल्या तर तिच्या अब्रूचें रक्षण आपल्या दहा ठरावांपेक्षां अधिक होईल. यावर त्या भगिनी गप्प राहिल्या. पटलें म्हणून कीं आमच्या वयाकडे पाहून, तें सांगतां येत नाहीं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर हें नांव या संदर्भांत घेतल्यावांचून राहवत नाहीं. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. अखेरचे दिवस हलाखींत गेले. २००२ सालीं ती वारली. आणि त्यानंतर तिच्या नांवानें शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जिवंतपणीं भाकरी नाहीं आणि मेल्यावर पुरस्काराचें नांव, या व्यवहारांत आपला महाराष्ट्र फार सराईत आहे.

ज्या देशांचें अनुकरण आपण पोशाखांत व वाक्यरचनेंत करतों त्यांनीं अशा घरांचें काय केलें तें पाहावें. लंडनच्या पूर्व भागांत विल्टन नांवाच्या गृहस्थाचा म्युझिक हॉल १८५९ सालचा. पुढें तो एका धर्मप्रसारक मंडळीच्या हातीं गेला, म्हणजे शुद्धीकरणहि झालें. विसाव्या शतकांत पाडण्याची वेळ आली तेव्हां लोकांनीं आडवे पडून तो वाचविला, आणि आतां दुरुस्त होऊन पुन्हा तेथें खेळ होतात. न्यूयॉर्कचें पॅलेस थिएटर १९१३ सालीं उघडलें तें व्होडव्हिलसाठींच. सारा बर्नहार्ट ही फ्रेंच रंगभूमीची सम्राज्ञी त्याच वर्षीं तेथें, कसरतवाल्यांच्या आणि नकलाकारांच्या पंगतीस बसून, आपले प्रवेश करून गेली. तिची अब्रू गेल्याचें ऐकिवांत नाहीं. अलीकडे त्या जागीं नवी उत्तुंग इमारत उठावयाची ठरली, तेव्हां त्या मंडळींनीं नाट्यगृह पाडलें नाहीं. त्याचें सात हजार टन वजनाचें अवघें प्रेक्षागार तीस फूट वर उचललें आणि खालीं दुकानें बांधलीं! हें काम २०२२ सालीं पुरें झालें. आणि आमच्या लालबागचें हनुमान थिएटर? गिरणी कामगार तेथें पाळी संपवून तमाशास बसत. १९८२ चा संप झाला, गिरण्या थंडावल्या, कामगार गांवीं परतला, आणि विसावें शतक सरतां सरतां तें थिएटर बंद पडलें. त्यासाठीं कोणीं तीस इंचहि कांहीं उचललें नाहीं.

आपल्याकडे निराळा विचार करणारा एक पुरुष होऊन गेला. शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं यूरोपचा प्रवास केला, रोमचें जुनें क्रीडागार पाहिलें आणि कोल्हापुरास येऊन खासबागेंत कुस्त्यांचें मैदान बांधविलें. त्या मैदानाच्या भिंतीस भिंत लावून १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें राहिलें; तेंच पुढें केशवराव भोसले यांच्या नांवाचें झालें. लाल मातींत घाम गाळणारे मल्ल आणि गंधर्वासारखा गाणारा नट यांस शेजारीं शेजारीं बसविण्यांत त्या राजास कांहीं विसंगत वाटलें नाहीं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, २०२४ च्या ८ ऑगस्टला, तें नाट्यगृह आगींत भस्म झालें. दुसऱ्या दिवशीं त्या जळक्या भिंतींसमोर नट रडत होते, तसे पडदे ओढणारे आणि चहावालेहि रडत होते. तीं चित्रें पाहून आमच्याहि डोळ्यांत पाणी आलें. पुनरुभारणीचें काम हातीं घेतलें गेलें आहे हें योग्यच झालें. त्या वेळीं आमच्या येथें शोकसभा भरली होती. तींत सर्वांत हृदयद्रावक भाषण झालें तें या लेखाच्या आरंभीं भेटलेल्या वकीलमहाशयांचेंच. त्यांच्या दुःखाच्या खरेपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. मनुष्य खरोखर रडतो आणि खरोखर दार लावतो. दोन्ही गोष्टी एकाच हातानें होऊं शकतात, हें आम्ही स्वानुभवानें जाणतों.

तो अनुभव सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. पंचवीसेक वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही नुकते कायम झालेले अध्यापक, स्नेहसंमेलनाच्या समितीचे प्रमुख. खेड्यांतून येणाऱ्या कांहीं मुलांनीं सुचविलें कीं, यंदा आपल्याच भागांतील एका फडाचा कार्यक्रम ठेवूं. त्यांनीं फडाचा ढोलकीवाला बरोबरहि आणला होता. साठीचा, पांढरा पटका, तळहातास घट्टे. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, सभागृह दुरुस्तीसाठीं बंद आहे. दुरुस्ती वगैरे कांहीं नव्हती. पलीकडे त्याच सभागृहांत मुलींच्या नाचाची तालीम चालली होती आणि उघड्या खिडकींतून चित्रपटांतल्या लावणीचा ठेका स्पष्ट ऐकूं येत होता. म्हातारा क्षणभर कान देऊन उभा राहिला. त्याचीं बोटें आपल्याच मांडीवर हलूं लागलीं. मग म्हणाला, "साहेब, गाणं तर आमचंच हाय. नुसती टेप तुमची."

आम्हीं शिपायास चहा आणावयास सांगितलें. चहा येईपर्यंत तो निघून गेला होता. त्यावर्षीं नाचास पहिलें पारितोषिक लावणीसच मिळालें, आणि तें आमच्याच हस्ते देण्यांत आलें.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. घोडे, गाढवें, उंट यांच्या बाजाराबरोबर तेथें तमाशाचे फड उतरतात, लावणी महोत्सवहि होतो, आणि त्या उत्सवाच्या उद्घाटनास मोठमोठे अधिकारी फेटे बांधून बसतात. म्हणजे उघड्या माळावर जें शासनमान्य, तें छपराखालीं निषिद्ध! आमच्या आयुष्यांत आम्ही त्या यात्रेस दोनदांच गेलों. एकदां घोडे पाहावयास आणि एकदां निवडणुकीच्या कामावर. राहुटीच्या बाहेर उभें राहून बतावणींतल्या एका विनोदास मोठ्यानें हंसलों, आणि ओळखीचा कोणी दिसतो काय म्हणून मागें वळून पाहिलें, तें आठवतें.

बैठकीचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. कलम तत्त्वतः मान्य झालें आहे. अंतिम मंजुरी पुढील बैठकींत. मराठीचे प्राध्यापक रजेवर असल्यामुळें मसुद्यांतील शुद्धलेखन तपासून देण्याचें काम इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे, म्हणजे आमच्याकडे, सोंपविण्यांत आलें. कागद गेले पंधरा दिवस आमच्या मेजावर पडून आहे. ‘हीन अभिरुचीच्या’ या शब्दांत शुद्धलेखनाची चूक कांहीं नाहीं. तरी तेवढे दोन शब्द आम्हीं लाल शाईनें खोडले, समासांत ‘कोणाच्या?’ असें लिहिलें, आणि या वेळीं कागद शिपायाच्या हातीं न देतां स्वतःच घेऊन जाण्याचें ठरविलें आहे. बैठक येत्या मंगळवारीं आहे.